हुशार मुलांसाठी पुस्तक निवडताना आधी काय गाळायचं ते ठरवा

पाठ्यपुस्तक निवडायला बसलेली मंडळी पुस्तक सहसा पहिल्या पानापासून उघडतात. मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, चित्रं, छपाई, कागद. सगळ्या वर्गासाठी पुस्तक घ्यायचं असेल तर हे चालून जातं. पण शिक्षकांचं वाक्य पुरं व्हायच्या आत ज्यांच्या डोक्यात उत्तर तयार असतं अशा दोन-चार मुलांसाठी पुस्तक बघायचं असेल, तर ते मागून उघडावं. प्रकरणाचा शेवटचा स्वाध्याय काढायचा आणि त्यातले शेवटचे तीन प्रश्न वाचायचे. पुस्तकाची उंची किती, ते तिथे कळतं. पहिल्या तीन प्रश्नांनाच मोठे आकडे घालून शेवटचे तीन प्रश्न बनवलेले असतील, तर ते पुस्तक या मुलांसाठी नाही. बाकीची पानं चाळण्यात वेळ घालवू नये.

अर्थात, पुस्तक हातात घेण्याआधीचं एक काम असतं आणि तेच नेमकं राहून जातं. शाळा आधी 'जादा' साहित्य आणते आणि मग ते वेळापत्रकात कुठे कोंबायचं याचा विचार करते. वेळ तर आधीच भरलेला असतो. मग ठरतं की ज्याचं वर्गातलं काम आधी संपेल त्याने जादा पुस्तक घ्यावं. म्हणजे चाळीस उदाहरणं बिनचूक सोडवल्याचं बक्षीस काय, तर आणखी वीस उदाहरणं. मूल हुशार असल्यामुळे हा व्यवहार त्याच्या लवकर लक्षात येतो आणि ते हळूहळू सोडवायला लागतं. म्हणून आधी गाळायचं, मग भरायचं.

गाळायचं काय, हे कसं ठरवायचं

सोपा मार्ग असा की घटक शिकवून झाल्यावर जी चाचणी घेतो, ती घटक सुरू करण्याआधी घ्यायची. तीच नको असेल तर तशीच दुसरी, पंधरा ते वीस प्रश्नांची. ती सगळ्या वर्गाला द्यावी, निवडक मुलांना नव्हे. गुणपत्रिकेवरून काढलेल्या यादीत नीटनेटकी, आज्ञाधारक मुलं आधी येतात. कंटाळून वही अर्धी सोडणारं मूल त्या यादीत नसतं. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ जोसेफ रेन्झुली यांनी १९७८ मध्ये प्रज्ञेची जी तीन वर्तुळं मांडली, त्यांत सरासरीहून चांगली क्षमता हे एकच वर्तुळ बुद्धीचं होतं. दुसरं सर्जनशीलतेचं, तिसरं हाती घेतलेल्या कामाला चिकटून राहण्याचं. शाळेच्या परीक्षेत यातलं पहिलं थोडंफार दिसतं, बाकीची दोन जवळपास नाहीच. शिवाय तेच मूल भूमितीत वर्गाच्या दोन वर्षं पुढे आणि व्याकरणात वर्गाच्या बरोबरीला असू शकतं. घटकागणिक चाचणी घेतली की 'हे मूल गिफ्टेड आहे की नाही' हा वाद घालायची गरजच पडत नाही. या घटकात याला काय येतं, एवढाच प्रश्न उरतो.

साधारण ८५ टक्क्यांवर रेषा आखतात. शंभर टक्क्यांचा आग्रह धरला तर घाईत एक वजाचिन्ह विसरणारं मूल पुन्हा तीन आठवडे तेच ऐकत बसतं. पण नुसती टक्केवारी बघू नये. वीस प्रश्नांत तीन चुका म्हणजे ८५ टक्के. त्या तीन चुका तीन वेगवेगळ्या ठिकाणी असतील तर तो निष्काळजीपणा. तिन्ही एकाच उपघटकात असतील तर तिथे भोक आहे, आणि तेवढा उपघटक त्या मुलाने वर्गाबरोबर बसून शिकायचाच. म्हणून प्रश्न उपघटकांप्रमाणे गटात लावलेले असावेत, दर उपघटकाला किमान तीन.

चाचणी दोन प्रकारे फसवते. एक म्हणजे रीत येते पण अर्थ येत नाही. अपूर्णांकाचा भागाकार 'उलटं करून गुणा' असं घरी किंवा शिकवणीत घोकलेलं मूल सगळी उत्तरं बरोबर देतं. त्याला ६ ÷ १/२ चं चित्र काढायला सांगा, किंवा जिथे हा भागाकार करावा लागेल असा एखादा प्रसंग सांगायला सांगा. बऱ्याचदा ते सहाचे दोन सारखे भाग करून दाखवतं. म्हणजे हा उपघटक गाळायचा नाही. चाचणीतला दर पाचवा प्रश्न तरी असा, 'का' किंवा 'दाखव' विचारणारा हवा. निव्वळ पर्याय निवडायची चाचणी या कामासाठी निरुपयोगी आहे.

दुसरी फसगत छताची. आपल्याच इयत्तेच्या चाचणीत पाच मुलांना पैकीच्या पैकी पडले, तर ती पाचही मुलं सारखी दिसतात. तशी ती नसतात. ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९७१ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गणितात असाधारण चमक असलेल्या मुलांचा अभ्यास सुरू केला, तेव्हा त्यांनी बारा-तेरा वर्षांच्या मुलांना शाळा संपवून कॉलेजात जाऊ पाहणाऱ्यांसाठी असलेला सॅट परीक्षेचा गणिताचा पेपर दिला. इयत्तेच्या परीक्षेत वरच्या टोकाला एकत्र चिकटलेली मुलं त्या पेपरात खालपासून वरपर्यंत पसरली. आपल्याला एवढं करायची गरज नाही. पूर्वचाचणीच्या शेवटी पुढच्या दोन इयत्तांतले चार-पाच प्रश्न जोडले तरी पुरतं. त्यात कोण कुठे अडतं, त्यावरून पुस्तक कुठल्या पातळीचं हवं ते ठरतं.

रोजच्या स्वाध्यायासाठी याचंच छोटं रूप आहे. स्वाध्यायातले सगळ्यात अवघड पाच प्रश्न फळ्यावर वेगळे लिहायचे. ज्याने ते आधी घेतले आणि किमान चार नीट मांडून बरोबर सोडवले, त्याचा बाकीचा स्वाध्याय माफ. वीस सोप्या प्रश्नांनी जे कळलं असतं ते या पाचांनी कळतं आणि तासिकेतली वीस-पंचवीस मिनिटं मोकळी होतात.

रेन्झुली आणि सॅली रीस यांनी या गाळण्याच्या पद्धतीला शिस्त लावली. तिची नोंद तीन रकान्यांत होते: मुलाला काय येतं आणि ते कशावरून, राहिलेलं थोडं ते कसं आणि कधी शिकेल, आणि वाचलेल्या वेळात ते काय करेल. रीस आणि सहकाऱ्यांच्या १९९३ च्या अभ्यासात शिक्षकांना अशा मुलांचा नेहमीचा अभ्यासक्रम सुमारे ४० ते ५० टक्के गाळता आला, आणि तसं करूनही त्यांची वर्षअखेरची कामगिरी घसरली नाही. तिसरा रकाना रिकामा ठेवून पहिले दोन भरण्यात अर्थ नाही. मोकळा वेळ मिळालेलं मूल मग शिक्षकांचं हरकाम्या होतं: वह्या वाट, खडू आण, मागे पडलेल्याला शिकव. कधीमधी दुसऱ्याला शिकवणं चांगलंच, पण तो काही अभ्यासक्रम नव्हे.

आता पुस्तक

गणिताचं पुस्तक तपासायची एक रीत सांगते. मधलं एक प्रकरण घ्या, पहिलं नको; पहिल्या प्रकरणावर सगळ्यांनीच मेहनत घेतलेली असते. त्यातल्या प्रत्येक प्रश्नापुढे पेन्सिलीने एक अक्षर लिहा. नुसती आठवण लागते तिथे 'आ', शिकवलेली रीत वापरायची तिथे 'री', कुठली रीत वापरायची हे स्वतःच ठरवावं लागतं, काही पडताळावं किंवा सिद्ध करावं लागतं तिथे 'वि'. दहा मिनिटांचं काम आहे. साठ प्रश्नांत 'वि' चार-पाचच निघाले तर ते पुस्तक वर्गासाठी ठेवा, या मुलांसाठी दुसरं शोधा. माझ्या मते अशा पुस्तकात निदान चौथा हिस्सा 'वि' असावा.

अक्षर लिहिताना दोन सवलती द्यायच्या नाहीत. 'विचार करा' असं चौकटीत छापलेलं आहे म्हणून तो प्रश्न 'वि' होत नाही, विशेषतः चौकटीच्या खालीच उत्तर असेल तर. आणि ज्या प्रकारचं उदाहरण प्रकरणात आधी सोडवून दाखवलं आहे, त्या प्रकारचा पुढचा प्रश्न कितीही अवघड दिसला तरी तो 'री' च.

जास्त प्रश्न आणि खोल प्रश्न यांतला फरक एका उदाहरणाने स्पष्ट होईल. आयताची परिमिती आणि क्षेत्रफळ काढायची वीस उदाहरणं हा सराव. त्याऐवजी हे विचारा: बाजू पूर्ण संख्या आहेत आणि परिमितीचा आकडा व क्षेत्रफळाचा आकडा सारखाच आहे, असे किती आयत मिळतील? मूल करून बघतं, ४ × ४ सापडतो, थोड्या वेळाने ३ × ६ सापडतो. मग खरा प्रश्न येतो: आणखी नाहीतच, हे कशावरून? वीस उदाहरणांत जेवढे गुणाकार झाले असते त्याहून जास्त गुणाकार वाटेत होतात आणि शेवटी हातात सिद्धता येते. बीजगणित शिकलेलं मूल समीकरण (क − २)(ख − २) = ४ असं मांडून दोन ओळींत संपवतं. न शिकलेलं मूल एक बाजू १ घेतली तर काय, २ घेतली तर काय, असं करत पुढे सरकतं. ते १ आणि २ ला अडतं, कारण तिथे दुसरी बाजू मिळतच नाही, आणि तेवढ्यात त्याला काहीतरी कळलेलं असतं.

अपूर्णांकांचंही तसंच. ३/४ + १/६ सारखी तीस उदाहरणं ज्याला नकोत, त्याला ४/५ हा अपूर्णांक वेगवेगळ्या एकक अपूर्णांकांच्या, म्हणजे अंश १ असलेल्या अपूर्णांकांच्या, बेरजेत लिहायला सांगा. उत्तर १/२ + १/४ + १/२०. दर वेळी मावेल तेवढा मोठा एकक अपूर्णांक काढून घ्यायचा: ४/५ मधून १/२ काढला की ३/१० उरतात, त्यातून १/४ काढला की १/२०. आता उरलेल्या अपूर्णांकांचे अंश बघा: ४, ३, १. ते उतरत का जातात? नेहमीच उतरतील का? उतरणारच असतील तर ही रीत कुठेतरी थांबणारच, आणि तीच सिद्धता. प्राचीन इजिप्तचे लेखनिक अपूर्णांक असेच लिहायचे आणि ही रीत फिबोनाचीने १२०२ मध्ये नोंदवली. इथून आणखी एक पाऊल टाकलं की ४/न हा अपूर्णांक (न म्हणजे १ हून मोठी कुठलीही पूर्ण संख्या) नेहमी तीनच एकक अपूर्णांकांत लिहिता येईल का, या प्रश्नाशी पोचतो. एर्डोश आणि स्ट्राउस यांनी १९४८ मध्ये केलेलं हे अनुमान अजून कोणी सिद्ध केलेलं नाही. पाचवीतलं मूल ज्या प्रश्नाने सुरुवात करतं, तोच धरून गणितज्ञ अडतात त्या जागेपर्यंत जाता येतं. असे प्रश्न ज्या पुस्तकात आहेत ते पुस्तक घ्यावं, मग चित्रं काळी-पांढरी असली तरी.

उत्तरं कशी छापली आहेत तेही बघा. संपूर्ण उकल प्रश्नाच्याच खाली असेल तर मुलाची नजर तिथे जाणारच. मागे नुसता शेवटचा आकडा असेल तर अडलेल्या मुलाला त्याचा उपयोग नाही. सगळ्यात चांगली व्यवस्था म्हणजे आधी पुस्तकाच्या मागे तुटक इशारे, आणि पूर्ण उकल वेगळ्या पुस्तिकेत.

एकच विषय दर वर्षी फिरून येणारी पुस्तकं असतात. जेरोम ब्रूनर यांनी १९६० मध्ये मांडलेल्या सर्पिल रचनेत तोच विषय दर फेरीला अधिक खोल जावा अशी अपेक्षा होती. छापील पुस्तकांत मात्र फेरी होते आणि खोली राहून जाते. हे तपासायला सलग तीन इयत्तांची पुस्तकं शेजारी ठेवा आणि ज्या पानांवर मागच्या वर्षी नसलेलं काही आहे, फक्त त्या पानांना चिठ्ठी लावा. वरच्या पुस्तकाला किती चिठ्ठ्या लागल्या ते मोजलं की या मुलांचं नवं वर्ष खरंच किती आठवड्यांचं आहे ते समजतं. झटकन शिकणाऱ्या मुलाला एक विषय एका दमात शेवटापर्यंत नेणारं, विषयवार पुस्तक बरं पडतं.

कोड्यांची पेटी

'गिफ्टेड मुलांसाठी' अशी पाटी लावून मिळणाऱ्या तयार साहित्यात दोन गोष्टी फार: कोडी आणि प्रकल्प. कोड्यांत वाईट काही नाही, पण पन्नास सुटी कोडी म्हणजे अभ्यासक्रम नाही. एकातून दुसरं निघत नाही. प्रकल्पांचं आणखी अवघड. ज्वालामुखीची प्रतिकृती करायची, रंगवायची, सोडा घालून फेस काढायचा. हॅरी पॅसो यांची एक कसोटी अशा वेळी कामी येते. ही कृती सगळ्याच मुलांना करावीशी वाटेल का? सगळ्यांना करता येईल का? सगळ्यांनी करायला हवी का? तिन्हींची उत्तरं 'हो' असतील तर ती कृती सगळ्या वर्गाला द्या. चार मुलांना वेगळं काढून ती देणं हा बाकीच्यांवर अन्याय आहे, आणि त्या चौघांनाही त्यातून नवं काही मिळत नाही.

जॉइस व्हॅनटॅसल-बास्का यांनी १९८६ पासून मांडलेला आराखडा अशा साहित्याची गाळणी म्हणून वापरता येतो. त्यात तीन धागे आहेत: वरच्या पातळीचा आशय, विचाराची प्रक्रिया व त्यातून तयार होणारं काम, आणि विषयाविषयांना जोडणारी एखादी मोठी संकल्पना, जसं बदल किंवा व्यवस्था. हातातलं साहित्य घ्या आणि तिन्ही धागे त्यात शोधा. सगळ्यात जास्त वेळा पहिला सापडत नाही. 'विश्लेषण करा', 'मूल्यमापन करा' अशा क्रियापदांनी प्रश्न भरलेले असतात, पण विश्लेषण कशाचं, तर दहा ओळींच्या उताऱ्याचं. आठवणीपासून विश्लेषण-मूल्यमापनापर्यंत पायऱ्या लावणारी ब्लूम यांची १९५६ ची वर्गवारी आणि तिची २००१ ची सुधारित आवृत्ती यांचा या बाबतीत पुष्कळ गैरवापर झाला आहे. 'ही मुलं हुशार आहेत, त्यांना वरच्या पायऱ्याच द्या' असं म्हणून खालचं ज्ञानच काढून टाकलं जातं. ज्याला मूलद्रव्यांचे गुणधर्म माहीत नाहीत तो आवर्तसारणीचं मूल्यमापन कसलं करणार? या मुलांना माहितीही भरपूर लागते. फक्त ती भराभर लागते आणि फिरून फिरून नको असते.

पुढच्या इयत्तेचं पुस्तक

गणितासारख्या चढत्या विषयात पुढच्या इयत्तेचं पुस्तक देणं हा मार्ग खूपदा बरोबर असतो, आणि शाळा त्याला उगाच घाबरतात. मूल इतरांपासून तुटेल, लहानपण हरवेल, वगैरे. प्रवेगाबद्दलच्या, म्हणजे मुलाला वयाच्या मानाने लवकर पुढचा अभ्यास देण्याबद्दलच्या, २००४ च्या एका गाजलेल्या अमेरिकी अहवालात त्याचे १८ प्रकार दिले आहेत. अख्खी इयत्ता ओलांडणं हा त्यांतला फक्त एक. एकाच विषयापुरतं वरच्या वर्गात बसणं, तीन वर्षांचा अभ्यास दोन वर्षांत करणं, आपल्याच वर्गात राहून स्वतःच्या गतीने पुढचं पुस्तक सोडवणं हे सौम्य मार्ग आहेत.

पण यात ठरावीक ठिकाणी घोळ होतो. इयत्ता ओलांडली की मधल्या वर्षातले नेमके काही घटक हातून सुटतात: दशांश अपूर्णांक, कोनमापक वापरणं, नकाशाचं प्रमाण, क्रियापदांचे काळ. मूल हुशार आहे म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही आणि दोन वर्षांनी ते अचानक अडखळतं. यावर उपाय साधा आहे. ओलांडलेल्या वर्षाच्या सगळ्या घटकचाचण्या आधीच द्यायच्या आणि जिथे मूल कमी पडेल तेवढ्या उपघटकांची यादी करून ती चार-सहा आठवड्यांत भरून काढायची.

वेळापत्रकाचा घोळ त्याहून कंटाळवाणा, पण योजना बहुतेक वेळा त्यानेच मोडते. वरच्या वर्गाची गणिताची तासिका आणि या मुलाच्या वर्गाची गणिताची तासिका एकाच वेळी नसेल, तर गणिताला वर जाताना त्याची भाषा किंवा विज्ञान बुडतं. म्हणून ही गोष्ट वर्षाच्या सुरुवातीला वेळापत्रक आखतानाच सांगायला हवी. आणि शिडी कुठे संपते ते आजच बघून ठेवा. शाळा सातवीपर्यंतच असेल आणि मूल पाचवीतच सातवीचं गणित संपवत असेल, तर सहावीत त्याला कोण शिकवणार? किमान तीन वर्षं पुढचा कागद तयार नसेल तर वेग वाढवण्यापेक्षा खोली वाढवलेली बरी.

भाषा आणि इतिहास हे विषय शिडीसारखे नाहीत. भाषेचं पुस्तक निवडताना दोन मापं वेगळी ठेवावी लागतात, वाक्यांची पातळी आणि आशयाची पातळी. वाचनपातळी मोजणारी सूत्रं मुख्यतः वाक्यांची लांबी आणि शब्दांची लांबी किंवा दुर्मीळपणा मोजतात. गोष्टीत काय घडतं ते त्यांना कळत नाही. आठ वर्षांचं मूल चौदा वर्षांच्या मुलाइतकं वाचू शकतं म्हणून चौदा वर्षांच्या मुलासाठी लिहिलेली कादंबरी त्याला द्यायची का? बुद्धी आणि भावना एकाच गतीने वाढत नाहीत. यातून वाट काढायला जुनं लेखन, निबंध, प्रवासवर्णनं, शास्त्रज्ञांची चरित्रं, कविता उपयोगी पडतात: भाषा दाट, पण विषय झेपणारा. उलटही असतं. छोट्या सोप्या वाक्यांत लिहिलेल्या गोष्टीतला निवेदकच खोटं बोलत असेल, तर ती गोष्ट सूत्राच्या हिशेबात तिसरीची असली तरी वाचायला अवघड असते. संक्षिप्त आणि सोप्या केलेल्या आवृत्त्या मात्र टाळा. जे विचार करायला लावतं तेच त्यांत आधी कापलेलं असतं. इतिहासात एकाच घटनेबद्दल न जुळणारे दोन मूळ दस्तऐवज दिलेले असतील तर ते पुस्तक उचलावं.

विज्ञानाच्या पुस्तकात प्रयोगाची कृती वाचा आणि निष्कर्ष कुठे छापला आहे ते बघा. पान उलटलं की तो समोर येत असेल, तर तो प्रयोग नाही, पडताळणी आहे. लंबकाचा काल लांबीवर अवलंबून असतो हे सांगून मग लंबक हलवण्यात काय उरलं? 'लंबकाच्या झोक्याला लागणारा वेळ कशाने बदलतो' एवढंच विचारा. मूल वजन बदलेल, किती दूर ओढून सोडायचं ते बदलेल, दोरी बदलेल. एका झोक्याला वेळ लावण्याऐवजी दहा झोक्यांना लावून दहाने भागायचं, तेही तीनदा, हे त्याला स्वतःला सुचलं तर उत्तमच. २५ सेंटिमीटरच्या दोरीला एक झोका (जाऊन परत येईपर्यंत) साधारण १ सेकंद आणि १०० सेंटिमीटरला साधारण २ सेकंद लागतात. लांबी चौपट झाली आणि वेळ दुप्पटच का, हा प्रश्न मग पुस्तकाने विचारायची गरज उरत नाही.

पुस्तक चांगलं, तरी कपाटात

याचं मोठं कारण शिक्षक स्वतः अडतात हे असतं, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. निवडीआधी जो शिक्षक ते पुस्तक वापरणार आहे त्याने त्यातले वेगवेगळ्या प्रकरणांतले तीस 'वि' प्रश्न हातात कागद घेऊन सोडवावेत. वीसच्या आसपास सुटले आणि उरलेले शिक्षक हस्तपुस्तिका वाचून कळले तर ठीक. हस्तपुस्तिकेत नुसती उत्तरं असतील, मुलं कुठे चुकतात आणि तेव्हा काय विचारावं हे नसेल, तर ते पुस्तक दोन महिन्यांत कपाटात जाईल.

दुसरं कारण गुण. अवघड पुस्तक घेतलेल्या मुलाला ७० आणि सोपं पुस्तक सोडवणाऱ्याला ९५ मिळाले, तर पुढच्या वेळी कोणीच अवघड पुस्तक घेणार नाही, आणि पालक घेऊ देणार नाहीत. ज्या घटकातून मूल पूर्वचाचणीने सुटलं, त्या घटकाचे गुण पूर्वचाचणीचेच धरावेत. वरच्या कामाला गुण न देता लेखी शेरा द्यावा, 'छान' सोडून काहीतरी सांगणारा.

गुणदान तक्त्याबद्दलही एक. समित्या मांडणी, भाषा, चित्रं, आशय, स्वाध्याय असे दहा निकष लावून बेरीज करतात. बेरजेत छत, म्हणजे पुस्तक किती उंचीपर्यंत नेतं ते, झाकलं जातं. देखण्या पण उथळ पुस्तकाला ८२ आणि खोल पण रूक्ष पुस्तकाला ७४ मिळतात. म्हणून छत हा निकष बेरजेत घेऊ नये. ती चाळणी असावी: पार झालं तरच पुढचे निकष. संगणकावरच्या, उत्तरांप्रमाणे पातळी बदलणाऱ्या कार्यक्रमांनाही हीच चाळणी लावा. बहुतेक कार्यक्रम तेच 'री' प्रश्न जास्त वेगाने पुढे सरकवतात, आणि काही तर इयत्तेच्या हद्दीपाशी थांबतात.

काही मुलांमध्ये प्रज्ञा आणि अक्षमता एकत्र असतात. आकृतिबंध झटकन ओळखणारं पण वाचताना अक्षरांवर अडखळणारं मूल लांबलचक शाब्दिक उदाहरणांच्या पुस्तकात मंद ठरतं. त्याच्यासाठी तोच प्रश्न कमी शब्दांत किंवा ऐकवून द्या, प्रश्न सोपा करू नका. सहा-सात वर्षांच्या मुलांचा लिहिणारा हात विचारांच्या मागे पडतो, तिथे तोंडी उत्तर चालवावं.

पुस्तक ठरलं तरी वर्षभराचा करार करण्याआधी एक घटक, सहा आठवडे, सात-आठ मुलं एवढा प्रयोग करावा. सगळे जण जवळपास सगळं बरोबर सोडवत असतील तर पुस्तक सोपं आहे, कितीही अवघड दिसत असलं तरी. दहातले सात-आठ सुटावेत, त्यातले एक-दोन दुसऱ्या दिवशी सुटावेत. पहिल्या आठवड्यात एखादं मूल रडेल किंवा पुस्तक ढकलून देईल, ते पुस्तकाविरुद्ध पुरावा म्हणून धरू नये. आजवर कधीच न अडलेल्या मुलाला अडणं म्हणजे आपण हुशार नसणं वाटतं. त्याला पहिल्या दिवशी एकच 'वि' प्रश्न द्या, तोही शिक्षकाबरोबर बसून, आणि शिक्षकाने आधी सोडवून न ठेवलेला. तिसऱ्या आठवड्यातही तेच चाललं असेल तर मात्र पातळी एक इयत्ता खाली आणा.

दर घटकानंतर पुस्तकाच्या आतल्या कोऱ्या पानावर चार ओळी लिहून ठेवा: कोणते प्रश्न क्रमांक वाया गेले, कोणत्या प्रश्नावर तासिका रंगली, कुठे छापील उत्तर चुकलेलं आहे, कोणता उपघटक गाळला. पुढच्या वर्षीच्या शिक्षकाच्या हातात तीच प्रत द्या, नवी नको.